एक्सायटिंग की थ्रिलिंग? शंकरपटावरून सांगतो

राम राम मंडळी! शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये तेच विचारणं सुरू आहे. इंग्रजीत त्याला एक्सायटिंग म्हणायचं की थ्रिलिंग? "सर, दोन्ही सेमच ना?" नाही भाऊ, सेम नाही.

सोपं आधी उरकतो. पट एक्सायटिंग, पाहणारा एक्सायटेड. "आय ॲम एक्सायटिंग" लिहू नका. झालं.

आता खरा गुंता. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतीला परवानगी देणारा आपल्या राज्याचा कायदा कायम ठेवला. ती बातमी एक्सायटिंग. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाला जायचं ठरलं, कोणाची जोडी येणार यावर पारावर रात्र जागली, तेही एक्सायटिंग. पट सुरूही नाही झाला, तरी एक्सायटिंग! पण जोडी सुटते, जोडी हाकणारा धुरकरी ओरडतो, धुरळा उडतो आणि आपला श्वास अडकतो, ते थ्रिलिंग.

नाही पटलं? ताडोबाला चला. मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सीत बसलात, एक्सायटिंग. सांबर ओरडलं, ड्रायव्हरनं गाडी बंद केली, बांबूतून वाघ रस्त्यावर आला, थ्रिलिंग. वाट पाहण्याला एक्सायटिंग चालतं, अंगावर काटा येतो तिथं थ्रिलिंग.

शब्दाच्या मुळातही हेच आहे. एक्साइट लॅटिनमधून आला, अर्थ जागं करणं. थ्रिलचा जुना अर्थ भोक पाडणं, आरपार जाणं. नाकपुडीच्या 'नॉस्ट्रिल'मध्ये तेच जुनं भोक लपलं आहे! डॉक्टर छातीवर हात ठेवतात तेव्हा काही हृदयरोगांत हाताला थरथर लागते, तिलाही थ्रिलच म्हणतात.

म्हणून ते "व्हेरी थ्रिलिंग" मला फार खटकतं. अरे, त्या शब्दात 'व्हेरी' आधीच भरलं आहे! जोर द्यायचाच तर "ॲब्सोल्युटली थ्रिलिंग" म्हणा. "व्हेरी एक्सायटिंग" मात्र खुशाल म्हणा. आणि नोकरीच्या जाहिरातीत "एक्सायटिंग अपॉर्च्युनिटी" असते, थ्रिलिंग नाही. नोकरीनं काटा येत नाही ना बाप्पा!

आता एक शेवटचं, इथं हुशार पोरंही अडतात. थ्रिलिंगमध्ये धडकी असते, पण थ्रिल्डमध्ये बहुतेक वेळा निव्वळ आनंद असतो. एका ताईनं भरतीचा निकाल लागल्यावर लिहिलं, "आय ॲम थ्रिल्ड." खाली कोणी विचारलं, "काऊन भेली वो बाई?" भेली म्हणजे घाबरली, पण घाबरली नाही ते. लय खूश आहे. तिचं इंग्रजी अगदी बरोबर आहे, तिचं अभिनंदन करा.