बोटांचं दरपत्रक

(भोसरीत सुरक्षा सप्ताहानिमित्त लघुउद्योजक, सुपरवायझर आणि कामगारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझा विषय ‘प्रेस शॉपमधील अपघात टाळण्याचे उपाय’ असा छापलाय. प्रेस शॉप म्हणजे दाब देऊन पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या मशिनांचा विभाग. दीपप्रज्वलन, सत्कार आणि पाहुण्यांच्या परिचयात निम्मा वेळ गेला, पण शाल-नारळ मिळाल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करणार? फक्त ही शाल खांद्यावर टाकून मला कुणी शॉपमध्ये फिरवू नका. फिरत्या शाफ्टला प्रमुख पाहुणे ओळखू येत नाहीत.

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून आपण दरवर्षी हा सप्ताह पाळतो. शपथ होते, रांगोळी होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते. या स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं फिरतोय. आलेलं प्रत्येक घोषवाक्य कामगाराला उद्देशून असतं. बाबा रे, सावध राहा, घरी मुलं वाट बघतायत. आता त्याला हे माहीत नाही का? मशिनला गार्ड, म्हणजे हात अडवणारं आवरण, का नाही, असं विचारणारं घोषवाक्य एकदा आलं होतं. मी त्याला पहिला नंबर दिला. बक्षीस समारंभात तो उत्तेजनार्थवर आला होता! हसताय तुम्ही, पण पुढच्या रांगेतले काही जण हसत नाहीयेत, तेही मी बघतोय.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. गेटवरचा तो फलक. ‘अपघातविरहित दिवस’ आणि पुढे आकडा. एका कारखान्यात, नाव विचारू नका, मी पाहणीला गेलो होतो. फलकावर चार आकडी संख्या, वर झेंडूची माळ. खाली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये एक तरुण पोरगा रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर उतरवत बसलेला. उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये. डाव्या हातानं लिहीत होता, एकेक आकडा दोन-दोन ओळी खात होता. म्हटलं, काय झालं रे? म्हणाला, “प्रेसवर होतो, सर. साहेब म्हणाले, घरी बसून काय करणार, इथंच बस.”

मी आत जाऊन फलकाबद्दल विचारलं. टाइम ऑफिसमधल्या गृहस्थांनी मला मस्टरच दाखवलं. रोजची हजेरी लागलेली. त्या वेळच्या कारखाने कायद्यात, म्हणजे १९४८च्या कायद्यात, कलम ८८ होतं. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात निरीक्षकांना कळवायचा. हा तर दुसऱ्या दिवशी बँडेज बांधून हजर! म्हणजे कामावर आला. म्हणजे कळवायला नको. म्हणजे अपघात झालाच नाही. माळ तशीच राहू द्या.

पोरगा खूश होता, कारण पगार पूर्ण मिळत होता. ईएसआयकडून, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेकडून, तात्पुरत्या अपंगत्वासाठी ९० टक्क्यांच्या आसपासच मिळतात. पण अपघाताची नोंदच झाली नाही, तर उद्या कायमच्या अपंगत्वाचा दावा तो कशाच्या जोरावर करणार? त्यासाठी भरपाईच्या कायद्याला जोडलेलं एक परिशिष्ट आहे, मी त्याला दरपत्रक म्हणतो. कमाईची ताकद किती टक्के गेली, ते त्यात बोटागणिक लिहिलंय. अंगठा ३०. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. तर्जनीचं नुसतं टोक, हाड शाबूत, ५. एकदा घरी नेऊन जेवताना वाचा.

मग मी तो प्रेस बघायला गेलो. जुना, की-क्लचचा. पॅडल दाबलं, की ‘की’ नावाची खुंटी फ्लायव्हीलला, म्हणजे फिरत्या जड चाकाला, अडकते आणि रॅम, म्हणजे वरचा ठोकणारा भाग, खाली येऊन पूर्ण फेरा मारतो. मध्ये थांबवायची सोयच नाही. की झिजली, स्प्रिंग ढिली पडली, तर पॅडल न दाबता दुसरा स्ट्रोक येतो. प्रेस डबल मारतो म्हणतात तो हाच. पहिला स्ट्रोक झाला, पोरानं पीस काढायला हात घातला, दुसरा स्ट्रोक आला. चौकशीच्या कागदावर कारण काय? ‘कामगाराचे दुर्लक्ष’. हे आजचं नाही. १९३१ साली अमेरिकेत हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या गृहस्थांनी पुस्तक लिहिलं, त्यात ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्यामुळे होतात असं मांडलं. आकडे आले विमा दाव्यांतून आणि कारखान्यांच्या नोंदींतून. नोंदी कोण लिहितं? पोरगा तर नक्कीच लिहीत नाही, त्याचा लिहायचा हात बँडेजमध्ये असतो.

बरं, उपाय म्हणून काय केलं होतं? त्याच प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशिनला थांबायचा इशारा देणारा किरणांचा पडदा, बसवला होता. हिरवा दिवा लागतो, पाहुण्यांना दाखवायला छान. पण जो प्रेस मध्ये थांबूच शकत नाही, त्याला किरण तुटल्याचं कळून तो करणार काय?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, आता पत्रिकेवरचा विषय.

हात आत घालावा लागतोच का, इथून सुरुवात करा. पत्र्याची पट्टी जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवून डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, पक्का गार्ड लावा. तयार पीस हवेच्या झोतानं किंवा उतारावरून बाहेर पडू द्या. सुटे ब्लँक, म्हणजे आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे, ठेवायचे असतील तर चिमटा, मॅग्नेट. की-क्लचच्या प्रेसला हाच मार्ग.

फ्रिक्शन क्लचचा, म्हणजे घर्षणावर चालणारा, प्रेस मध्येच थांबतो, त्याला दोन हातांची बटणं चालतात. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडायची. एकावर चिकटपट्टी दिसली तर पोराला ओरडण्याआधी त्याचं तासाचं टार्गेट बघा. आणि चिकटपट्टी लावूनही जो पॅनेल चालतो, तो पॅनेल बदला. लाइट कर्टनचं अंतर मोजून ठरवा. हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरतात. रॅम थांबायला एक पंचमांश सेकंद लागत असेल, तर किमान ४० सेंटिमीटर, वर सेन्सरच्या हिशेबाचं आणखी थोडं. ऑपरेटरला वाकावं लागतं म्हणून कर्टन डायला चिकटवून बसवलेला मी कितीदा पाहिलाय.

डाय बदलताना मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली डाय बदलणाऱ्या सेटरच्या खिशात, सुपरवायझरच्या टेबलावर नको. रॅम खाली पडू नये म्हणून त्याखाली सेफ्टी ब्लॉक. ठेकेदाराकडून आज सकाळी आलेल्या हेल्परला आज प्रेसवर बसवू नका. आणि प्रेसनं एकदा जरी डबल मारला, हात वाचला तरी, तिथंच मशिन बंद करा. की आणि स्प्रिंग बघितल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही. ऑर्डर कितीही तातडीची असो.

फोर्कलिफ्ट आणि वेल्डिंग राहिलंच. अध्यक्ष उभेच राहिलेत आता. आपल्या प्रेसचा थांबण्याचा वेळ ज्यांनी मोजून आणलाय, त्यांनी चहानंतर थांबा, अंतराचं गणित कागदावर करून देतो.