भाड्याने दिलेलं खातं

श्रोतेहो, नमस्कार. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही, हे आता मोबाइलच्या कॉलर ट्यूननेही ऐकवून झालंय. मला बोलायचंय ते व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालणाऱ्या या फसवणुकीतल्या पैशांच्या वाटेबद्दल.

समजा, नौपाड्यातल्या निवृत्त मास्तरांनी व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाला घाबरून फंडाचे पैसे पाठवले. ते आधी उतरतात कोपरखैरण्यातल्या एखाद्या पोराच्या खात्यात. कमिशनच्या लोभाने त्याने एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. तिथून रक्कम बघता बघता भलत्याच खात्यांत फुटते. म्होरक्या बहुतेकदा परदेशात. पोलिसांना सापडतो तो हा पोरगा. आणि तो म्हणतो, ‘साहेब, मित्राने मागितलं, मी दिलं. मला काय ठाऊक?’

त्याला ठाऊक होतं, हे सिद्ध करता करता तपास दमतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या ६६-ड कलमाखाली तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला फार तर ३ वर्षं कैद, १ लाखापर्यंत दंड, आणि गुन्हा जामीनपात्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १११ कलमाने सायबर गुन्हे संघटित गुन्हेगारीत आणले खरे. पण तिथे टोळी दाखवावी लागते, शिवाय मागच्या १० वर्षांतली एकाहून जास्त आरोपपत्रं. पहिल्यांदाच खातं भाड्याने देणारा त्यात बसवायचा कसा? त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. एका पोलीस ठाण्यात निरीक्षक असतात किती!

सिंगापूरने २०२३ साली कायदा बदलून, पुरेशी खबरदारी न घेता खातं दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यालाही जबाबदार धरलं. आपल्याकडेही तसं स्वतंत्र कलम हवं, असं माझं मत आहे.

पण शब्द मोजूनमापून वापरा. ‘त्रासदायक’ मजकुराला शिक्षा देणारं ६६-अ कलम असंच ढगळ होतं. २०१२ मध्ये फेसबुकवरच्या साध्या पोस्टपायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. शेवटी मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

म्हणून नव्या कलमात मोबदला घेऊन खातं सोपवणं, एवढंच नेमकं लिहावं. नाहीतर ऐरोलीतल्या ज्या आजींचं पेन्शनचं खातं नातू चालवतो, त्यांनाही चौकीत बसवायला कुणी कमी करणार नाही.