बांधावरचा फड्या निवडुंग गळती थांबवतो का?

राम राम मंडळी! हा बघा फड्या निवडुंग. चिमट्यात धरलाय, कारण मोठे काटे निदान दिसतात तरी. खरी खोड या ठिपक्यांमधल्या केसाएवढ्या काट्यांची. बोटात गेले की दोन दिवस शर्टाची बटणं लावतानाही आठवण राहते.

दर उन्हाळ्यात एकच प्रश्न येतो : "निवडुंगाचा चीक लावला तर स्लॅब गळायचा थांबतो का?" चीक म्हटलं की मला धास्तीच वाटते. आपल्याकडे शेर, त्रिधारी यांनाही लोक सरसकट निवडुंगच म्हणतात. त्यांचा पांढरा दुधासारखा चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना. फड्या कापला की दूध येत नाही, बुळबुळीत पाणी येतं. आपलं काम त्या पाण्याशी.

हे झाड मूळचं अमेरिकेतलं. मेक्सिकोत चुन्याच्या गिलाव्यात आणि सफेतीत याचं पाणी पूर्वीपासून घालतात. आपले गवंडी त्याच कामाला गूळ, हिरडा, उडीद वापरायचे. (गंमत म्हणजे १७९५ मध्ये लाल रंगासाठी म्हणून भारतात निवडुंगावर जगणारे किडे आणले, ते भलतेच निघाले. रंग यथातथाच, निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली!)

आता कृती. काटे जाळावर भाजून घेतले, फड्यांचे बोटभर तुकडे केले, दुप्पट पाण्यात रात्रभर ठेवले आणि जुन्या धोतरातून गाळले. कॅमेरा जवळ घे रे... चमचा उचलला की तार सुटते, भेंडीसारखी. याच पाण्यात विरवलेला चुना कालवायचा, मीठ थोडंसं. पाणी ताजंच वापरा; आपल्या उन्हात ते लवकर आंबतं आणि मग घरातले तुम्हालाच बाहेर काढतात.

या दोन विटा. डावीला साधा चुना, उजवीला निवडुंगाचा, तीन-तीन हात. डावीवर थेंब टाकला... गेला, वीट प्यायली. उजवीवर बघा, बसून राहिला. आता कडेने पसरतोय. थोड्या वेळाने हाही मुरणार, खोटं कशाला बोलू? म्हणजे याला वॉटरप्रूफ म्हणू नका. पाणी शिरायचा वेग कमी होतो, एवढंच.

आणि कारण मजेशीर आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, पण त्याला ओल लागते. इथे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. सकाळी मारलेला चुना दुपारी खडखडीत. मग भिंतीला टेकलं की पाठ पांढरी. निवडुंगातला बुळबुळीतपणा ती ओल धरून ठेवतो, चुना सावकाश आणि घट्ट धरतो, शिवाय बारीक छिद्रंही थोडी बुजतात. आधी पाणी धरतो, म्हणून नंतर पाणी अडतं.

आमची आजी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, खारी टाकायची. "धाबावर खारी टाकी दे रे भो, आभाय भरी वनं!" ती खारट माती ओली झाली की तिचे कण फाकतात आणि भेगांत गच्च बसतात. तिथेही कोरडं पडलेलं धाबंच पहिल्या पावसात गळायचं.

सिमेंटमध्ये हे पाणी ओतू नका, सेट व्हायला उशीर लागतो. स्लॅबला चीर असेल तर कितीही हात मारा, ऊन-थंडीने चीर हलणार आणि वरचा चुना फाटणार. शेवाळ, ऑइलपेंट असलेल्या भिंतीवरही धरत नाही. चुन्याची भिंत असेल तर आधी ती ओली करा, संध्याकाळी पातळ हात मारा, हातमोजे आणि चष्मा घाला. चुनाही डोळ्याला वाईटच.

माझ्या गच्चीवर लावला का? नाही. तिथे जिन्याजवळ चीर आहे, ती खोदून भरायचीय. ही बादली चाललीय मागच्या जुन्या भिंतीला, पश्चिमेचा पाऊस झोडपतो तिकडे. अर्ध्या भिंतीला साधा चुना, अर्ध्या भिंतीला हा. पोळ्यानंतर कॅमेरा घेऊन तिथेच भेटू.