पागोळ्यांचं पाणी

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय, ‘ड्वार्फ सिक्लिडच्या प्रजननासाठी पाणी कसं तयार करावं’. त्याकडे येतोच. आधी एक विचारतो. रॅमच्या, म्हणजे सिक्लिड कुळातल्या एका छोट्या माशाच्या, जोडीनं अंडी घातली, खसखशीएवढी, मधासारखी आरपार, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळी पांढरीफटक. असं कुणाकुणाकडे झालंय? हात वर करा. अर्धं सभागृह! आजचं बोलणं या हातांसाठी आहे.

माझ्याकडे रॅमची जोडी आली ती जानेवारीत. आमची सोसायटी पुण्याच्या वेशीवर. बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. नदीतला एक चपटा दगड मी टँकमध्ये ठेवला होता. दोघांनी तो दोन दिवस तोंडानं घासून लख्ख केला. मादी ओळीनं अंडी चिकटवत जायची, मागून नर त्यांवरून जायचा. मग दोघं आळीपाळीनं दगडाशी उभे राहून कल्ल्यांमागच्या पंखांनी वारा घालायचे. रात्री दिवा बंद केला तरी वारा चालूच. सकाळी अंडी पांढरी, आणि ती दोघं एकेक अंडं उचलून खात असायची. पुष्कळ जण म्हणतात, रॅम वाईट आई-बाप, अंडी खातात. मला हे ऐकवत नाही. मेलेल्या अंड्यांवर बुरशी चढते, ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. ते बिचारे घर आवरत असतात.

कोवळ्या जोडीची पहिली दोन-तीन वेळची अंडी वाया जातातच, म्हणून मी गप्प राहिलो. चौथ्या वेळी दुकानात गेलो. पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी आहे याचा आकडा, मोजला. आठ निघाला; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. ‘साडेसहावर आणा,’ म्हणून पीएच उतरवणाऱ्या आम्लाची एक बाटली हातात मिळाली. ही बाटली किती जणांच्या घरी आहे? राहू द्या, हात बघवत नाहीत.

संध्याकाळी दहा थेंब, पीएच साडेसहा. सकाळी पुन्हा पावणेआठ. पुन्हा थेंब. असं तीन आठवडे. हे का होतं, ते समजून घ्या. कठीण पाण्यात बायकार्बोनेट असतं. आम्ल टाकलं की ते आधी त्याच्याशी भिडतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पीएच खाली दिसतो. रात्रभर हवेच्या बुडबुड्यांनी तो वायू उडून गेला की आकडा परत वर. दर वेळी थोडं बायकार्बोनेट खर्ची पडतं. ज्या दिवशी ते संपतं, त्या दिवशी त्याच दहा थेंबांनी पीएच कड्यावरून खाली कोसळतो. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक. त्या सकाळी नर तळाशी आडवा पडलेला होता. मादी त्याच्याभोवती फिरत होती. त्याची आठवण झाली की मला अजून वाईट वाटतं, कारण त्याला आजार कसलाच नव्हता.

नवा नर आणला, बाटली बंद केली. मे महिन्यात घरी पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला एक मुलगा आला होता. त्याच्या खिशात पेनासारखा टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. जाता जाता त्यानं तो सहज माझ्या टँकमध्ये बुडवला आणि म्हणाला, ‘काका, सातशे दहा!’ पीएचच्या नादात हे क्षार मी एकदाही मोजले नव्हते. आणि बाटलीतल्या प्रत्येक थेंबानं त्यात भरच पडली होती.

आता हा मासा येतो कुठून? व्हेनेझुएला आणि कोलंबियामधल्या ल्यानोस नावाच्या गवताळ मैदानांतून. तिथं पावसाळ्यात मैलोगणिक जमीन पाण्याखाली जाते. त्याचे अपिस्टोग्रामा हे भाऊबंद अॅमेझॉनच्या खोऱ्यात पसरलेत. त्यातल्या रिओ नेग्रोचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, पीएच चार-पाचच्या घरात, आणि क्षार इतके कमी की पावसाचं पाणीच म्हणा. या माशांचं अंडं तशा पाण्यासाठी घडलंय. कठीण पाण्यातला कॅल्शियम त्याला मानवत नाही. पीएच कितीही खाली ओढा, तो कॅल्शियम तिथंच राहतो.

उलटं उदाहरण आपल्या घरातलं. गोव्याचे कोण आहेत इथं? कालुंदर खाल्लाय ना? तोही सिक्लिडच. भारतात सिक्लिडच्या तीनच मूळ जाती. त्यातला कालुंदर आणि त्याचा छोटा पिवळा भाऊ ऑरेंज क्रोमाइड खाडीच्या मचूळ पाण्यात सुखानं पिल्लं वाढवतात. म्हणजे सिक्लिड म्हटलं की एकच पाणी, असं नाही. माशाचं गाव विचारा.

जूनमध्ये मृगाचे पहिले तीन-चार पाऊस मी जाऊ दिले, छप्पर धुऊन निघू दिलं. मग पागोळ्यांखाली बादल्या लावल्या. तोवर मी मीटर विकत घेतला होता. आकडा आला बारा. रोज थोडं थोडं करत दोन आठवड्यांत टँक ऐंशीवर आणला. जुलैत अंडी घातली. तिसऱ्या दिवशी दगडावर बारीक शेपट्या वळवळत होत्या. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. पहाटेचे साडेपाच वाजले होते.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. तर पाणी तयार करणं, भराभर सांगतो.

मीटर आधी घ्या, पीएच किट नंतर. रॅमसाठी टीडीएस शंभराच्या आत, पीएच साडेपाच ते साडेसहा, तापमान २८-२९ अंश. अपिस्टोग्रामातली काकाटुओइडीस ही जात सोशिक आहे, मध्यम पाण्यातही पिल्लं देते. नवीन लोकांनी तिथून सुरुवात करावी. रिओ नेग्रोच्या जाती शेवटी.

पावसाळा नसेल तेव्हा आरओ, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचं पाणी. घरच्या फिल्टरला मिनरलची कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीच्या नळीतून पाणी घ्या, नाहीतर काढलेले क्षार तो परत घालतो. हिशेब साधा: नळाचं पाणी ३०० आणि आरओचं २० असेल, तर एक बादली नळाचं नि चार आरओचं, आकडा येतो ७६. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मिसळण्याआधी क्लोरीन घालवणारं हायपो विसरू नका.

क्षार कमी झाले की पीएच खाली आणणं सोपं होतं. मग देशी बदामाची वाळून गळलेली लाल पानं धुऊन टाका. रस्त्याकडेला ढीग पडलेले असतात, फवारणी नसलेल्या झाडाची घ्या. त्यातल्या टॅनिननं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि बुरशीलाही आळा बसतो. पण आम्लधर्मी पाण्यात फिल्टरमधले, माशांची घाण पचवणारे जिवाणू मंदावतात, म्हणून मासे कमी, खाणं बेतानं, आणि पाणी थोडं थोडं बदला. बदलायचं पाणी त्याच आकड्याचं हवं.

तापमानाचं एकच. १९९६ साली र्‍योमर आणि बाइझेनहेर्त्स या दोघांनी अपिस्टोग्रामाच्या तीसहून अधिक जातींत दाखवून दिलं की पिल्लं लहान असताना पाणी गरम असेल तर नर जास्त निघतात, थंड असेल तर माद्या. सगळे नरच निघाले अशी तक्रार घेऊन येता ना, ते हीटरकडे बघा.

वेळ संपली. ज्यांनी घरून बाटलीत पाणी आणलंय त्यांनी पुढे या, मीटर टेबलावर आहे. बाटलीवर आपल्या भागाचं नाव लिहा.