करंजाचं पान उजेडात धरा

नमस्कार, श्रोतेहो. पाऊस सरत आला की ओढ्याकाठच्या करंजाचं एक पान धड दिसेल तर शपथ. 'रोग पडलाय' म्हणून आपण पुढे जातो. आज जरा थांबा. पानांवर वर आलेल्या गाठी असतात ना, त्या कोळ्यांच्या जातकुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमुळे येतात. त्या आज बाजूला ठेवू. आपल्याला हवेत ते सपाट, फिकट चट्टे. तिथे पानाची वरची नि खालची कातडी शाबूत असते, मधला हिरवा गर तेवढा खाल्लेला. पान उन्हासमोर धरा; खाणारी अळी आत असेल तर दिसेलच.

ही अळी पतंगाची असेल, माशीची किंवा भुंगेऱ्याचीही. नुसत्या नक्षीवरून ठरवायला गेलात तर फसाल. लिंबाच्या पानावरची नागमोडी रेघ पतंगाच्या अळीची, टोमॅटोवरची बहुधा माशीच्या, आणि शेतकरी दोन्हींना नागअळीच म्हणतात. म्हणून भिंग घ्या. माशीच्या अळीला वेगळं डोकं दिसत नाही, टोकाशी बारीक काळे आकडे तेवढे दिसतात. अळी निघून गेली असेल, तर तिची विष्ठा बघा. हो, विष्ठाच! लिंबावर ती रेघेच्या मधोमध सलग असते. टोमॅटोवर कधी या कडेला, कधी त्या कडेला, तुटक तुटक.

करंजाच्या चट्ट्यातून कोषाचं रिकामं टरफल अर्धवट बाहेर डोकावत असेल, तर आतला पतंग उडून गेलाय असं समजा. करंजावरच्या अशाच एका इवल्याशा पतंगाचं, कॅमेरारिया व्हर्गुलाटाचं, नामकरण एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी १९१४ साली केलं. पण करंजाची पानं पोखरणारा तो एकटाच नाही, तेव्हा चट्टा दिसला की लगेच हे नाव ठोकून देऊ नका. अळी आत असलेलं पान डबीत ठेवा, सोबत किंचित ओलसर कागद. फार ओल नको, बुरशी धरते. काही दिवसांनी पतंग निघेल. कित्येकदा मात्र निघते चिमुकली गांधीलमाशी! तिच्या पिल्लाने अळी आधीच फस्त केलेली असते.

डबीवर झाडाचं नाव, गाव, तारीख आणि चट्टा पानाच्या वरच्या अंगाला होता की खालच्या, एवढं लिहायला विसरू नका. फोटो मात्र पान डबीत जाण्याआधीच काढा, दोन्ही बाजूंनी.