बापाची पाळी दहाला

श्रोतेहो, नमस्कार.

होला तुम्ही रोज ऐकता. कडुनिंबावर, विजेच्या तारेवर बसून भर दुपारी घुमतो तो. तो रानचा पक्षी, त्याला पिंजऱ्यात घालायचं नसतं. आमच्या परभणीच्या घरात आहेत ते त्याचे लांबचे पाहुणे, डायमंड डव्ह. मूळ ऑस्ट्रेलियाचे, पण आता माणसाच्या हाताखालीच वाढणारे. चिमणीपेक्षा थोडे मोठे, राखी रंगाचे, डोळ्याभोवती लाल कडं आणि पंखांवर कुणी रांगोळीची चिमूट सांडावी तसे पांढरे ठिपके.

लेकीच्या हट्टापायी जोडी आणली आणि सासूबाईंनी तोंड फिरवलं. "कामून आणलं हे? होला घरात घुमू नाही." दोन दिवस त्या पिंजऱ्याकडे फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, हे पाखरू गुरासारखं पाणी पितंय."

मी जाऊन बघितलं. खरंच! कोंबडी घोट घेते आणि मान वर करते. हे मात्र चोच बुडवून, मान न उचलता, ओढून पितात. सगळी होले-कबुतरं अशीच पितात म्हणे. इतकी वर्षं अंगणात होले येतात, पण आमच्यापैकी कुणी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मग सासूबाईंनी घरची टपोरी शाळू ज्वारी टाकून पाहिली. ती त्यांच्या एवढ्याशा चोचीला मोठी. राळ्यावर मात्र तुटून पडतात. दाणा सोलत नाहीत, अख्खा गिळतात, म्हणून पोटात दळायला बारीक खडे लागतात. जोडीला समुद्रफेस, म्हणजे माकूल या समुद्री जीवाच्या अंगातलं चुन्याचं पांढरं हाड, अंड्याच्या कवचासाठी.

आमची चूक झाली ती घरट्यात. या जातीला घरटं बांधायची अक्कल बेताचीच. चार काड्या आडव्यातिडव्या टाकल्या की झालं. बोराएवढी दोन पांढरी अंडी रात्रीतून खाली पडून फुटली. लेक दिवसभर जेवली नाही. पुढच्या खेपेला सासूबाईंनीच नारळाची करवंटी घासून दिली, आत काथ्या पसरला, आणि ती आम्ही तारेने पक्की बांधली.

त्यानंतरचे 13-14 दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मादी रात्रभर बसायची. सकाळी दहाच्या सुमारास नर यायचा, शेजारी टेकायचा, ती उठायची आणि हा अंड्यांवर. दुपार उतरेपर्यंत हलायचा नाही. पिल्लं निघाल्यावर तर नवलच. पहिले काही दिवस त्यांना दाणा नसतो. आईबापांच्या गळ्याच्या पिशवीत दुधासारखा घट्ट रस तयार होतो, तो भरवतात. हो, बापाच्याही! हे सांगितल्यावर सासूबाई आमच्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस का? तू तर पोरीला साधी झोळी देईनास."

एका रात्री लाईट गेली आणि खिडकीत मांजर आलं. अंधारात नुसती फडफड. सकाळी पाहिलं तर नराची शेपटी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली! घाबरली की ही पाखरं पिसं सोडून देतात, म्हणजे पकडणाऱ्याच्या हाती पिसंच लागतात. शेपटी पुढं आली पुन्हा, पण तोवर नवरदेव बुंडगा. तेव्हापासून रात्री पिंजऱ्यावर जुनी चादर असते, आणि लाईट गेली तरी जळणारा एक चार्जिंगचा दिवा. उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट. मायेनं हातात घ्यायला गेलं की ही बिथरतात, म्हणून लेक आता हात न लावता बघत बसते. तिला हे शिकायला वर्ष लागलं.

मी हे बोलतेय तोवर दहा वाजत आलेत. घरी पाळी बदलली असेल. आणि सासूबाईंनी, तो बसलाय म्हणून, माझाच आवाज बारीक केला असेल.

नमस्कार.