इर्जिक आणि पेन्सिल

नमस्कार श्रोतेहो.

मृग चांगला बरसला होता, रानाला वाफसा आला होता, आणि आमचे बाबा तापानं फणफणून बाजेवर पडले होते. मी तेव्हा तिसरीत असेन. गाव परभणी जिल्ह्यातलं, जमीन काळी, चिकट. अशा जमिनीचा वाफसा दोन-चार दिवसांचा पाहुणा. पाऊस आला की पुन्हा चिखल, नाही आला की ढेकळं. आई सारखी दारात जाऊन आभाळ बघायची. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायला घुंगरमाळांचा आवाज आला. बघतो तर सहा तिफणी! गावानं आमची इर्जिक घातली होती, म्हणजे मोल न घेता सगळ्यांनी मिळून आमचं रान पेरून द्यायचं ठरवलं होतं. बायका ओटीत बी घेऊन चाड्यावर मूठ धरायला आल्या, आणि दिवस मावळायच्या आत मूग, ज्वारी सगळं पेरून झालं. संध्याकाळी आईनं वरण-भात, भाकरी आणि गुळाचा शिरा केला. अंगणात पंगत बसली आणि माणसं जेवली कमी, कुणाचं तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडं गेलं यावर हसली जास्त.

हा दिवस मला पुढं फार वर्षांनी समजला, तोही माझ्या एका चुकीमुळं.

मी मास्तर झालो. शाळेत पुस्तकांची एक पेटी होती. सात-आठ लेकरं मधल्या सुट्टीत त्या पेटीभोवती घोटाळायची. मला वाटलं, सगळ्यांनाच गोडी लावू. मी जाहीर केलं, एक पुस्तक वाचलं की एक पेन्सिल! पंधरा दिवस काय वाचन झालं म्हणता! मग माझ्या लक्षात आलं की पेटीतली जाड पुस्तकं तशीच पडून आहेत आणि आठ-दहा पानांची पातळ पुस्तकं फाटायला आलीत. पेन्सिली संपल्या तशी पेटीजवळची गर्दी हटली. ते ठीक. पण ती आधीची सात-आठ लेकरंही हटली. त्यातल्या एका पोरीला मी विचारलं, "का गं, पुस्तक नको का?" ती म्हणाली, "गुरुजी, पेन्सिल कुठंय आता?"

हेच अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रयोग करून दाखवलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायची मुळातच आवड असलेली लेकरं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र हातात दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नुसते रंग ठेवून दिले आणि कोण किती वेळ रमतं ते पाहिलं. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती लेकरं इतरांच्या निम्माच वेळ रंगांजवळ थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली होती. म्हणजे पेन्सिलीचं काही चुकलं नाही, माझ्या जाहीरनाम्याचं चुकलं!

दंडाचंही तसंच. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट अर्थशास्त्रज्ञ ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी २००० साली छापली. आईबाप लेकरांना न्यायला उशीर करायचे. दहापैकी सहा पाळणाघरांत उशिराला दहा शेकेल दंड बसवला. वाटलं, आता येतील वेळेवर. उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी बाई ताटकळत बसतील याची लाज वाटायची, आता पैसे मोजले की झालं. पुढं दंड काढून टाकला, तरी उशीर काही कमी झाला नाही. एकदा गेलेली लाज परत आली नाही.

इर्जिकीच्या दुसऱ्या दिवशी माझे एक चुलते, स्वभावानं रोखठोक, एका म्हाताऱ्या आज्याच्या हातात नोटा कोंबायला गेले. आजा असा भडकला की बाबा तापातून उठून बसले. "माझ्या बैलाला मोल लावतोस व्हय रे?" चुलत्यांना वर्षभर त्यांच्या घरी चहा मिळाला नाही.

याचा अर्थ मजुरी मागू नये असा कुणी काढू नका. कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्याला उचल लागते, दाम लागतो, आणि तो पुरेसा आणि वेळेवर लागतो. पोट रिकामं असताना आवडीनिवडीवर व्याख्यान देणारा माणूस मला आवडत नाही. मी बोलतोय ते माणूस आपणहून करतो त्या गोष्टींबद्दल.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर हाच विषय धरला. त्यांचं म्हणणं, माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात: हे मी माझ्या मर्जीनं करतोय, हे मला जमतंय, आणि मी कुणाचा तरी आहे. हे वाचलं आणि मला ती पंगत आठवली. बोलावणं कुणाला नव्हतं. सरळ तासाचा तोरा प्रत्येकाला होता. आणि ताट शेजारी शेजारी होतं.

आता इर्जिक कुठं राहिली? ट्रॅक्टरवाला एकरी भाव सांगतो, आणि तो बरोबरच सांगतो. पण घरात तर भाव नाही ना?

जॉन गॉटमन नावाच्या संशोधकानं नवराबायकोंचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांचं लक्ष मोठ्या भांडणांइतकंच बारक्या हाकांवर होतं. "अहो, बघा ना" यासारख्या. नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांची त्यांनी सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांचा संसार टिकला होता, त्यांनी सुरुवातीला शंभरातल्या सरासरी ८६ हाकांना ओ दिली होती. जे वेगळे झाले, त्यांनी ३३.

हा आकडा वाचला त्या दिवशी मी मनातल्या मनात माझा हिशेब मांडला आणि पुस्तक मिटलं. आमच्या घरामागं चिंच आहे. दुपारी तिथं पोपट येतात. आमची मंडळी रोज स्वयंपाकघरातून सांगते, "अहो, आले बघा." मी मोबाईलवरची मान न उचलता "हूं" म्हणायचो. किती वर्षं, कोण जाणे. परवा उठून गेलो. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग विचारलं, "काय, बरं वाटत नाही का?"

बसलो तिथंच, ओट्याला टेकून. अकरा पोपट होते. ती म्हणाली, बारा.